भाव वेगळा, मोल वेगळं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणाऱ्या : चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड इथल्या बचत गटातल्या महिला.)

हातातलं काम चालू ठेवा, ऐकता ऐकता होईल ते. आम्ही चकलांब्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय आहे शेअर बाजार.

हा विषय आम्ही हौसेनं घेतलेला नाही. गटाच्या बैठकीत दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. "पोरगा मोबाइलवर शेअर घेतो म्हणतोय, पैसे देऊ का?" "बाजार लई पडलाय म्हणे, आता स्वस्तात मिळतंय, खरं का?" एका बहिणीचा प्रश्न तर अगदी नेमका होता. शेळ्या विकून तिच्या हातात ४०,००० रुपये आलेत. भाचा म्हणतो, "मावशी, बाजार पडलाय, हीच वेळ आहे, सगळे टाक." तिनं विचारलं, टाकू का?

त्या चाळीस हजारांचं उत्तर आज शोधू. पण आधी शेअर म्हणजे काय ते समजून घेऊ. म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही, उत्तर आपलं आपल्यालाच देता येईल.

शेअर म्हणजे वाटा

शेअर हा शब्द आपल्याकडं नवा नाही. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांच्या पेटीत साखर कारखान्याच्या शेअरचा कागद असतो. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना सुरू झाला तो शेतकऱ्यांनी शेअरची रक्कम जमवली म्हणूनच. आपल्या तालुक्यातला गढीचा जय भवानी कारखानाही सहकारीच. पण तो शेअर आणि मुंबईच्या बाजारातला शेअर यांत फरक आहे. सहकारी कारखान्यात सभासदाला मत एकच, शेअर कितीही असोत. त्या शेअरचा भाव रोज ठरत नाही. आपला ऊस वेळेवर जावा म्हणून आपण तो घेतो. कंपनीच्या शेअरचं तसं नाही. जितके शेअर तितकी मतं. तो कुणालाही विकता येतो, आणि बाजार चालू असताना त्याचा भाव घडीघडीला बदलतो. मुंबईचा हा बाजार आजचा नाही बरं का, १८७५ पासूनचा आहे.

आता हिशोब बघू. समजा आपल्या गावात पिठाची एक गिरणी आहे. वीजबिल, मजुरी, दुरुस्ती सगळं जाऊन वर्षाला ३०,००० रुपये उरतात. त्या गिरणीचे आपण १०० वाटे केले. मग एका वाट्याला वर्षाची कमाई किती? ३०० रुपये. एक बाई म्हणाली, माझा वाटा ३,००० रुपयांना घे. म्हणजे दहा वर्षांची कमाई आज मोजून द्यायची. शंभराला वर्षाला दहा रुपये पडले. दुसरी म्हणाली, माझा ९,००० ला घे. तीच गिरणी, तेच पीठ, तेच ३०० रुपये. पण इथं तीस वर्षांची कमाई मोजावी लागते आणि शंभराला तीन रुपयांवर थोडंच पडतं. त्यापेक्षा बँकेतली एफडी बरी. गिरणीचं काम पुढं पुष्कळ वाढणार आहे असं दिसत असेल तरच ९,००० चा विचार करायचा.

बाजारवाले याला पी-ई म्हणतात. म्हणजे शेअरच्या भावाला एका शेअरच्या वर्षाच्या कमाईनं भागायचं. आपल्या गिरणीत पहिल्या बाईचा पी-ई दहा, दुसरीचा तीस. शब्द मोठा आहे, हिशोब आपल्या भिशीच्या वहीइतकाच सोपा आहे.

तर मैत्रिणींनो, भाव वेगळा आणि मोल वेगळं. समोरचा मागतो तो भाव. गिरणी खरंच जे कमावते आणि पुढं कमावेल, त्यावरून ठरतं ते मोल. मोल समजून घ्यायचं, भाव त्याच्या बराच खाली असेल तेव्हाच घ्यायचं आणि मग थांबायचं. या रीतीला इंग्रजीत व्हॅल्यू इन्व्हेस्टिंग म्हणतात. आपण मोल बघून घेणं म्हणू.

दारात येणारा व्यापारी

ही रीत ज्यानं नीट मांडली त्याचं नाव बेंजामिन ग्रॅहॅम. अमेरिकेतला माणूस. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले. आई विधवा, पदरात तीन मुलगे. १९०७ मध्ये तिकडं बाजारात मोठी घबराट उडाली, तेव्हा आईची शिल्लक बुडाली. पुढं ग्रॅहॅम शिकला, विद्यापीठात शिकवू लागला. १९२९ ची मोठी मंदी आली, त्यात त्यालाही मोठा फटका बसला. हे सगळं सोसून त्यानं १९४९ मध्ये सामान्य गुंतवणूकदारासाठी पुस्तक लिहिलं. त्यातली एक कल्पना आम्हाला फार पटली. ती आपल्या भाषेत सांगतो.

समजा, त्या गिरणीत तुमचा एक भागीदार आहे. तो रोज सकाळी दारात येतो. एक दिवस खुशीत असतो. म्हणतो, "तुझा वाटा दे, पाच हजार देतो." दुसऱ्या दिवशी तोंड पाडून येतो. "गेलं सगळं, गिरणी बुडणार, माझाच वाटा हजाराला घे." रोज येतो आणि रोज वेगळा भाव बोलतो. तुम्ही काय कराल? तो रडतोय म्हणून तुम्हीही रडाल का? गिरणी तर चालूच आहे, बाया डोक्यावर डबा घेऊन येतातच आहेत. शहाणी बाई त्याचं ऐकून घेईल. तो हजाराला देतो तेव्हा परवडत असेल तर घेईल, पाच हजार देतो तेव्हा वाटलं तर विकेल. इतर दिवशी चहा पाजून वाटेला लावील. शेअर बाजार म्हणजे हा भागीदार. त्याचं ऐकायचं, पण त्याच्या मनाप्रमाणं चालायचं नाही.

ग्रॅहॅमची दुसरी गोष्ट म्हणजे राखून घेणं. मोल ३,००० वाटलं तर २,९०० ला घेऊन उड्या मारायच्या नाहीत. २,००० ला मिळालं तर बघायचं. कारण आपला अंदाज चुकू शकतो. गिरणीची मोटर जळू शकते, शेजारी दुसरी गिरणी येऊ शकते. मधलं अंतर आपल्याला सांभाळून घेतं. पूल बांधताना जितकं ओझं जायचंय त्याहून जास्त ओझं पेलेल असाच बांधतात ना, तसं.

कापूस आणि शेअर

कुणी म्हणेल, भाव पडल्यावर थांबायचं हे आम्हाला कापसानं शिकवलंय. बरोबर आहे. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून कितीतरी घरांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव काही आला नाही. वजन घटलं, कापसातल्या किड्यांनी लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली आणि शेवटी सात-आठ हजारांच्या आसपास विकावा लागला.

मग शेअर धरून ठेवणं म्हणजे तसंच का? इथं एक फरक ध्यानात ठेवा. घरात पडलेला कापूस कमावत नाही. तो दिवसागणिक हलका होतो. चांगली कंपनी मात्र आपण थांबलेलो असताना काम करत असते, माल विकते, नफा मिळवते. त्यातला काही भाग लाभांश म्हणून देते आणि उरलेला धंद्यात घालते. म्हणून थांबण्याला अर्थ येतो. पण कंपनीच कमावत नसेल तर तो शेअर म्हणजे घरात भरलेला कापूसच. नुसतं थांबून काही होत नाही. कशात थांबलोय ते बघावं लागतं.

बाजार पडतो तेव्हा काय होतं

मुंबई बाजाराचा निर्देशांक म्हणजे सेन्सेक्स. त्यात मोठ्या ३० कंपन्या असतात. जानेवारी २००८ मध्ये तो २१,००० पर्यंत गेला होता. मार्च २००९ मध्ये तो ८,१०० च्या आसपास होता. शंभराचे चाळीससुद्धा उरले नाहीत. पुन्हा २१,००० दिसायला २०१० ची दिवाळी उजाडावी लागली. पावणेतीन वर्षं गेली.

मग करोना आला. २३ मार्च २०२० या एका दिवसात सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडला आणि २५,९८१ वर बंद झाला. दहा महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, त्यानं पहिल्यांदा ५०,००० ला हात लावला. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, त्या एका दिवशी तो ४,३८९ अंकांनी पडला, आणि त्याच आठवड्यात भरूनही निघाला.

हे ऐकून वाटेल, मग काय, पडला की घ्यायचं, वर आला की विकायचं. थांबा. २००८ मध्ये ज्यांनी लेकीच्या लग्नाचे पैसे टाकले आणि लग्न २००९ च्या उन्हाळ्यात होतं, त्यांचं काय झालं असेल? त्यांना विकावंच लागलं. बाजार पुढं सावरला, त्याचा त्यांना काय उपयोग? पडलेल्या बाजारात नुकसान होतं ते मुख्यतः ज्याला थांबता येत नाही त्याचं. आणि थांबता कुणाला येतं? ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, घरात आजारपणापुरता पैसा आहे आणि जो पैसा टाकलाय तो पाच-सात वर्षं लागणार नाही, त्यालाच. सेन्सेक्स सावरला म्हणून त्या वेळचा प्रत्येक शेअर सावरला असंही नाही. काही कंपन्या पडल्या त्या पडल्याच.

अमळनेरची गोष्ट

आता आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट. जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. साने गुरुजी जिथं शाळेत शिकवत होते तेच. २०२४ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं होतं तेही तिथंच. खानदेशात भुईमूग पिकायचा. १९४५ मध्ये तिथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाचा. मालक प्रेमजी. गावातल्या, पंचक्रोशीतल्या लोकांनी त्याचे शंभर-शंभर रुपयांचे शेअर घेतले. हीच पुढं विप्रो झाली.

१९६६ मध्ये प्रेमजी वारले. मुलगा अझीम एकवीस वर्षांचा, परदेशातलं शिक्षण सोडून आला आणि त्यानं कारभार हाती घेतला. तूप, साबण करत करत १९८० च्या सुमारास कंपनी संगणकाच्या धंद्यात उतरली. धंदा वाढला तसे बोनस शेअर मिळत गेले, शेअरची विभागणी होत गेली. १९८० मधला एक शेअर ज्यानं न विकता ठेवला, त्याच्या हातात २०१० पर्यंत ९६,००० शेअर झाले. अमळनेरमध्ये साध्या घरांतली माणसं त्या शेअरांवर कोट्यधीश झाली, ती अशी.

बोनसबद्दल एक सांगून ठेवतो. एका भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही. शेअर वाढले म्हणून अमळनेरचे लोक श्रीमंत झाले नाहीत. भाकरीच मोठी होत गेली, धंदा वाढत गेला, म्हणून झाले.

पण मैत्रिणींनो, ही गोष्ट अर्धी सांगणारे पुष्कळ भेटतात. उरलेली अर्धी ऐका. फेब्रुवारी २००० मध्ये संगणक कंपन्यांच्या शेअरांचं वेड लागलं होतं. विप्रोचा शेअर जवळपास दहा हजार रुपयांपर्यंत गेला. पुढच्या दीड-दोन वर्षांत त्याचा भाव पाव हिश्श्याच्याही खाली आला. कंपनी तीच, मालक तोच, नफाही होत होता. ज्यांनी दहा हजारांच्या जवळ घेतला त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. गिरणी चांगली होती, पण वाटा नऊ हजारांना घेतला होता. चांगली वस्तूसुद्धा भलत्या भावात घेतली की महाग पडते.

आणखी एक. अमळनेरचा शेअर फळला. मुंबईच्या कापडगिरण्यांचेही शेअर लोकांच्या पेटीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, आणि त्यानंतर कितीतरी गिरण्या पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. त्यांच्या शेअरांची गोष्ट कुणी कौतुकानं सांगत नाही. म्हणून एका अमळनेरवरून आपला हिशोब बांधायचा नाही.

पडलेलं सगळं स्वस्त नसतं

बाजारात म्हैस कमी भावात मिळतेय म्हटल्यावर आपण काय करतो? लगेच दावं हातात घेत नाही. कितवं वेत, दूध किती, सड चारही चालू आहेत का, मालक विकतोय का, हे विचारतो. एक धार काढून बघतो. शेअरच्या बाबतीत मात्र "पाचशेचा दोनशेला आलाय" एवढ्यावर माणसं भाळतात.

हैदराबादच्या सत्यम कंपनीचं आठवा. २००८ मध्ये तिचा शेअर पाचशेच्या वर होता. पुढं पडत पडत पावणेदोनशेच्या आसपास आला. पुष्कळांना स्वस्त वाटला. ७ जानेवारी २००९ ला कंपनीच्या अध्यक्षांनीच लेखी कबूल केलं की हिशोबाची वही खोटी आहे, दाखवलेला पैसा मुळात नाहीच. त्याच दिवशी शेअर चाळीसच्या आत आला. दूध नसलेली म्हैस कितीही कमी भावात घेतली तरी महागच.

म्हणून पाच प्रश्न. हे वहीत लिहून घ्या.

पहिला, कंपनी करते काय? दोन वाक्यांत सांगता आलं नाही तर सोडून द्या.

दुसरा, गेल्या दहा वर्षांत दरवर्षी नफा झाला का? एका चांगल्या पावसावरून रानाची परीक्षा करत नाहीत.

तिसरा, कर्ज किती? कर्जात बुडालेला धंदा वाईट वर्ष काढू शकत नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

चौथा, चालवणारे कसे आहेत? त्यांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का? कंपन्यांना हे जाहीर करावं लागतं, बाजाराच्या संकेतस्थळावर ते दिसतं.

पाचवा, भाव कमाईच्या किती पट आहे, आणि पडला तो का पडला? सगळा बाजार घाबरला म्हणून पडला की याच कंपनीत काही बिघडलंय? पहिल्या कारणात संधी असू शकते. दुसऱ्यात खड्डा असू शकतो.

शिकलेल्या लेकीला, सुनेला सोबत घेऊन कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. तो फुकट मिळतो. हे सगळं करायला वेळ नसेल, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींना तो नाहीच, तर एकेक शेअर निवडायच्या फंदात पडू नका. सेन्सेक्सच्या ३० किंवा निफ्टीच्या ५० कंपन्यांत थोडा थोडा पैसा लावणारे इंडेक्स फंड असतात. त्यांत महिन्याला पाचशे रुपयांच्या हप्त्यानंही जाता येतं. कपाशीत आपण तुरीची ओळ घेतो ना, एक गेलं तर दुसरं राहावं म्हणून? तसंच हे. अर्थात बाजार पडला की हे फंडही पडतात, त्यांची हमी कुणी देत नाही. बाजारावर लक्ष ठेवायला सेबी ही सरकारी संस्था आहे, पण आपला पैसा वाढेल याची हमी सेबीही देत नाही.

आता चाळीस हजारांचं उत्तर

आमच्या त्या बहिणीला आम्ही उलट चार गोष्टी विचारल्या. कर्ज किती? एका खासगी फायनान्सचे १५,००० बाकी, वर्षाला शेकडा चोवीस रुपये. घरात आजारपणाला शिल्लक? नाही. जूनमध्ये काही मोठा खर्च? पोरीची बारावीची फी, वह्या-पुस्तकं. आणि हा पैसा सात वर्षं लागला नाही तर चालेल का? ती हसली.

मग मांडणी केली. आधी १५,००० चं कर्ज फेडायचं. वर्षाला ३,६०० रुपये व्याज वाचलं. शेकडा चोवीस रुपये नक्की देईल असा शेअर जगात कुणाकडं नाही. कर्ज फेडणं हीच तिची सगळ्यात पक्की कमाई. राहिले २५,०००. त्यातले १५,००० बँकेत, आजारपणाला आणि पोरीच्या शिक्षणाला. बँकेत म्हणतोय हे नीट ऐका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्था, मल्टिस्टेट यांच्या ठेवीला हे संरक्षण नाही. जादा व्याजाच्या नादात आपल्या बीड जिल्ह्यात किती घरांचे पैसे अडकले ते आपण डोळ्यांनी बघतोय. त्याच खात्यातून वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा चालू करायचा. राहिले १०,०००. तेही एकदम नाही. महिन्याला ५०० प्रमाणं वीस महिने. भाव पडला असेल तेव्हा तेवढ्याच पैशात जास्त वाटे येतील, चढला असेल तेव्हा कमी येतील. आणि हे दहा हजार सात वर्षं हात न लावता राहतील असं मनानं म्हटलं तरच. नाहीतर तेही बँकेत.

भाचा नाराज झाला. म्हणाला, एवढ्यानं काय होतंय? होऊ दे नाराज. शेळ्या त्यानं चारल्या नव्हत्या.

गटाच्या पैशाबद्दलही विचारणा झाली. आमचं मत स्पष्ट आहे. गटाची बचत शेअरमध्ये घालू नये. तो दहा-बारा जणींचा पैसा आहे. कुणाच्या घरात रात्री बाळंतपण निघालं तर सकाळी हातात मिळाला पाहिजे. सात वर्षं थांबण्याचा निर्णय एकीचा असू शकतो, गटाचा नाही.

मोबाइलवरचा जुगार

गावातली बरीच पोरं शेअर घेतो म्हणतात, पण घेतात ते ऑप्शन. त्यात कंपनीचा वाटा मिळत नाही. भाव वर जाईल की खाली, यावर मुदतीची बोली असते. मुदत संपली की हिशोब पुरा. सेबीनं २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा अभ्यास केला. असे सौदे करणाऱ्या शंभर सामान्य माणसांत त्र्याण्णव जणांचं नुकसान झालं. सगळ्यांचं मिळून नुकसान १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. घरात पोरगा रात्री जागतोय, उचल मागतोय, दागिना गहाण ठेवायला लावतोय, तर रागावण्याआधी जवळ बसा आणि विचारा, शेअर घेतोस का ऑप्शन? लाज वाटून पोरं सांगत नाहीत आणि कर्ज वाढत जातं.

दुसरं, व्हॉट्सअॅपवर "महिन्यात दुप्पट" म्हणणारे गट. आधी थोडा नफा दाखवतात, काढूही देतात. मोठी रक्कम टाकली की दार बंद. असं झालं तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसा अडवता येण्याची शक्यता जास्त. दलालाबद्दल किंवा कंपनीबद्दल तक्रार असेल तर सेबीचा मोफत क्रमांक १८०० २६६ ७५७५. तिथं मराठीत बोलता येतं.

नाव कुणाचं?

शेवटचं आणि महत्त्वाचं. पैसा तुमचा असेल तर खातं तुमच्या नावावर पाहिजे. शेअर ठेवायला डिमॅट खातं लागतं. त्यासाठी पॅन कार्ड, आधार आणि तुमच्याच नावाचं बँक खातं लागतं. दलाल सेबीकडं नोंदलेला आहे का ते बघा. खात्याला फोन नंबर तुमचा द्या, पोराचा नको. ओटीपी कुणाला सांगू नका, घरच्यालाही नाही. खरेदी-विक्रीचा संदेश तुमच्या फोनवर आला पाहिजे. वाचता येत नसेल तर गटातल्या लिहित्या-वाचत्या बाईकडून वाचून घ्या.

नॉमिनी लावा. आणि घरातल्या माणसाच्या नावावर काय काय आहे ते आज विचारा. माणूस गेल्यावर बाईला कागद सापडत नाहीत, सापडले तर कळत नाहीत. सात वर्षं लाभांश कुणी मागितला नाही तर तो लाभांश आणि ते शेअर सरकारच्या एका निधीकडं जातात. ते परत मिळवता येतात, पण हेलपाटे फार. जुन्या पेटीत कुठल्या कंपनीचा पिवळा पडलेला कागद असेल तर चुलीत घालू नका. आधी कुणाला तरी दाखवा.

तर मैत्रिणींनो, बाजार पडला म्हणजे काय करायचं? ज्याला कर्ज आहे त्यानं कर्ज फेडायचं. ज्याच्याकडं शिल्लक नाही त्यानं शिल्लक करायची. ज्याचं दोन्ही झालंय त्यानं मोल बघून, राखून, थोडं थोडं घ्यायचं आणि रोज भाव बघायचं सोडून द्यायचं. पेरल्यावर रोज माती उकरून कोंब आला का बघत नाही आपण.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक कागद आणा. एका बाजूला देणं, दुसऱ्या बाजूला शिल्लक लिहा. व्याज वर्षाला किती पडतं तेही लिहा, महिन्याला शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस हे विसरू नका. कागद कुणाला दाखवायचा नसेल तर दाखवू नका. पण लिहा. शेअर घ्यायचा की नाही याचं निम्मं उत्तर त्या कागदावरच मिळेल.

भेटू पुढच्या वेळी. राम राम.